बुरशी नसलेली बुरशी : निदानातल्या नावाची चूक

समीक्षा म्हटलं की आपल्यापुढे कादंबरी येते, कवितासंग्रह येतो, फार तर एखादं आत्मचरित्र येतं. आज आम्ही ज्या पुस्तकाची समीक्षा करणार आहोत ते वैद्यकाचं पुस्तक आहे. १८७४ साली लंडनमध्ये छापलेलं, पण आपल्या मुंबई इलाख्यात घडलेलं. त्याचे लेखक हेन्री व्हॅनडाइक कार्टर, आणि पुस्तकाचं नाव 'ऑन मायसेटोमा, ऑर द फंगस डिसीज ऑफ इंडिया'. म्हणजे 'मायसेटोमा, अर्थात हिंदुस्थानातला बुरशीरोग'. आमची सगळी तक्रार या नावाबद्दल आहे. नाव चुकलं की विचार कसा चुकतो आणि विचार चुकला की माणसाचा पाय कसा जाऊ शकतो, हे आज बघायचं आहे.

आम्ही डॉक्टर आहोत, पण औषधाचे नव्हे. आमची पीएच.डी. तत्त्वज्ञानातली. तेव्हा आज आम्ही कुणाला औषध सांगणार नाही. निदान हा अनुमानाचा प्रकार आहे आणि अनुमान हा आमचा धंदा होता, एवढ्याच अधिकारावर बोलतो.

आधी पायाची गोष्ट सांगतो, म्हणजे पुस्तकाकडे का वळलो ते कळेल.

आमच्या गावाकडे, पुरंदर तालुक्यात, आमच्याच वयाच्या आगेमागे असलेले एक शेतकरी आहेत. त्यांच्या उजव्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. काटा काढला, हळद लावली, विसरून गेले. वर्षभरानं तिथं एक गाठ आली. दुखत नव्हती. हे लक्षात ठेवा, दुखत नव्हती. शेतकऱ्याला दुखत नाही म्हणजे काही झालेलंच नाही. गाठ वाढली, पाय सुजला, मग त्याला तोंडं पडली. एक भोक बुजायचं, शेजारी दुसरं उघडायचं. त्यातून पाणी यायचं आणि पाण्याबरोबर रव्यासारखे बारीक पिवळट कण यायचे. घरातली बाई ते फडक्यानं पुसायची आणि फडकं धुऊन टाकायची.

एका रुग्णालयात तपासणी झाली. वरवरचा पू कापसाच्या बोळ्यावर घेतला, दोन दिवसांत अहवाल आला, नेहमीचा त्वचेवरचा जंतू निघाला. त्याच्या गोळ्या झाल्या. उतार नाही. मग एक्स-रे काढला, हाड खाल्ल्यासारखं दिसलं. हाडाचा टीबी. उपचार सुरू झाले. पहिल्या दोन महिन्यांत सूज खरोखरच उतरली. सगळे म्हणाले, बघा, टीबीच होता. त्यांनी आम्हाला फोन करून विचारलं, "सर, टीबीच आहे ना हो?" आम्ही म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग झालं तर." पस्तीस वर्षं वर्गात 'संशय' हा न्यायशास्त्रातला पदार्थ शिकवला आणि नेमका हवा होता तेव्हा आमच्याजवळ एक छटाकभर संशय निघाला नाही.

नंतर सूज परत आली, आधीपेक्षा जास्त. कुणी म्हणालं, हाडाची गाठ असेल. शेवटी गुडघ्याखालून पाय काढण्याचा सल्ला मिळाला. तारीखही ठरली. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं, तिथं सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बायकोला विचारलं, "मावशी, यातून दाणे येतात का?" मावशी म्हणाल्या, "येतात की. रोज पुसते." सहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता.

पुढचं मग सांगतो. आता कार्टरकडे जाऊ.

कार्टर हे नाव तुम्हाला माहीत नसेल, पण त्यांचा हात तुम्ही पाहिलेला आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ज्यावर वाढल्या ते 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी', १८५८ सालचं, त्यातली चित्रं कार्टर यांची. पुस्तक निघालं तेव्हा ते मुंबईत होते, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते. पुढे १८६० च्या दशकात साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाले. पुण्याहून घाट उतरलं की सातारा, म्हणजे आपल्या शेजारचीच माणसं त्यांच्या दवाखान्यात येत होती. अनवाणी चालणारी, काट्याकुट्यात राबणारी. त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला, त्यासाठी नॉर्वेला जाऊन आले, मुंबईत उलटणाऱ्या तापाचा जंतू रक्तात पाहिला, पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. माणूस मोठा. ज्याच्याशी भांडायचं तो मोठा असला तरच भांडणाला अर्थ असतो.

हा पायाचा रोग काही कार्टर यांनी शोधलेला नाही. मदुराईच्या दवाखान्यातले डॉक्टर गिल यांनी १८४२ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं, म्हणून त्याला 'मदुरा फूट' म्हणत. कार्टर यांचं काम वेगळं. त्यांनी कापलेले पाय घेतले, चिरले, आत काय आहे ते पाहिलं आणि काढलं. काढलं म्हणजे चित्र काढलं. मांसात, चरबीत, हाडात बोगदे आहेत आणि त्या बोगद्यांत दाणे आहेत. दाणे दोन प्रकारचे, काही काळे आणि काही फिकट. ही दाण्यांच्या रंगावरची वर्गवारी दीडशे वर्षं झाली तरी टिकून आहे. ज्याच्याजवळ रंगवण्याची द्रव्यं नाहीत, ज्याचा सूक्ष्मदर्शक आजच्या शाळेतल्या दर्जाचा असेल, अशा माणसानं हे करावं, हे कौतुकाचं आहे. कॉखनं अँथ्रॅक्सचा जंतू सिद्ध केला १८७६ मध्ये, आणि ग्राम यांची रंगवण्याची पद्धत १८८४ ची. कार्टर या दोन्हींच्या आधीचे.

मग चूक कुठे झाली? काळ्या दाण्यांत त्यांना फांद्या फुटलेले धागे दिसले. बुरशीत असे धागे असतात. म्हणून ही बुरशी. इथपर्यंत बरोबर, काळे दाणे आजही बुरशीचेच मानतात. पण फिकट दाणेही त्यांनी त्याच खात्यात टाकले आणि सगळ्या रोगाला एकच नाव दिलं, मायसेटोमा. ग्रीकमध्ये 'मायकेस' म्हणजे बुरशी, 'ओमा' म्हणजे गाठ. बुरशीची गाठ. नाव पडलं आणि चौकशी संपली.

आज आपल्याला माहीत आहे की या एका नावाखाली दोन वेगळे रोग राहतात. एक खरोखर बुरशीचा. दुसरा जिवाणूंचा. नोकार्डिया, अ‍ॅक्टिनोमाडुरा, स्ट्रेप्टोमायसिस अशी या जिवाणूंची नावं. हे जिवाणू विचित्र आहेत, ते बुरशीसारखे धागे काढतात, त्यांना फांद्या फुटतात, ते मातीत राहतात, काट्याबरोबर पायात शिरतात, कातडीखाली, स्नायूत, हाडात पसरतात आणि दाणे तयार करतात. बाहेरून पाय अगदी सारखा दिसतो. पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू नाही. जिवाणूचा रोग योग्य प्रतिजैविकांनी पुष्कळदा बरा होतो, पाय वाचतो. बुरशीच्या रोगाला बुरशीविरोधी औषधं महिनोन्‌महिने द्यावी लागतात आणि तरी बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे प्रश्न नुसता शब्दाचा नाही.

आता कार्टर यांचं अनुमान न्यायशास्त्राच्या भाषेत मांडू. प्रतिज्ञा : हा दाणा बुरशीचा आहे. हेतू : कारण त्यात फांद्या फुटलेले धागे आहेत. उदाहरण : जिथे असे धागे तिथे बुरशी, जशी भाकरीवरची. नैयायिक लगेच विचारेल, व्याप्ती तपासलीत का? फांद्या फुटलेले धागे बुरशी सोडून दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत, हे कशावरून? सापडत असतील तर तुमचा हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे तो साध्य असलेल्या ठिकाणीही जातो आणि नसलेल्या ठिकाणीही जातो. शिंगं आहेत म्हणून ही गाय, असं म्हणण्यासारखं. म्हशीलाही शिंगं असतात.

तुम्ही म्हणाल, १८७४ मध्ये फांद्या फुटणारा जिवाणू कुणाला माहीत होता? खरं आहे. म्हणून आम्ही कार्टर यांना अज्ञानाचा दोष देत नाही. दोष आहे तो निष्कर्ष नावात कोंबण्याचा. अनुमान चुकलं तर दुरुस्त करता येतं. ते नावात बसलं की दुरुस्त करायला कुणी जातच नाही, कारण नावाला कुणी पुरावा मागत नाही.

आणि ही एकट्या कार्टर यांची गोष्ट नाही. गुरांच्या जबड्याला गाठी येतात, त्या रोगातला जंतू हार्झ यांनी १८७७ मध्ये पाहिला आणि त्याला नाव दिलं अ‍ॅक्टिनोमायसिस, म्हणजे किरणबुरशी. तो जिवाणू आहे. दुसरा एक दुर्मिळ रोग आहे, बॉट्रिओमायकोसिस. नावाचा अर्थ द्राक्षाच्या घोसासारखी बुरशी. त्यातही दाणे येतात आणि तो बहुधा स्टॅफिलोकोकस या आपल्या कातडीवरच्या नेहमीच्या जिवाणूमुळे होतो. बुरशी त्यात औषधालाही नाही. तीन रोग, तिन्हींच्या नावात बुरशी, आणि तिन्हींत जिवाणू निघू शकतो.

कार्टर यांची दुसरी चूक याहून बोधप्रद आहे. जतन केलेल्या नमुन्यांवर त्यांना एक गुलाबी-तांबूस बुरशी उगवलेली दिसली. तिचा संबंध रोगाशी असावा असं त्यांना वाटलं. इंग्लंडमधले बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी तिला कार्टर यांच्याच नावावरून 'कायोनिफी कार्टराय' असं नाव दिलं. पुढे लक्षात आलं की तिचा रोगाशी काही संबंध नाही, ती बाहेरची. आमच्या गाववाल्यांच्या पायावर कापसाचा बोळा फिरवून जो जंतू मिळाला तोही बाहेरचाच. दीडशे वर्षांचं अंतर, चूक तीच. जे सहज हाताला लागलं तेच कारण मानलं. वाड्यात चोरी झाली आणि अंगणातल्या भिकाऱ्याला धरलं, कारण तो समोर होता.

कार्टर यांचे समकालीन टीकाकार होते. कलकत्त्याचे लुईस आणि कनिंगहॅम यांनी १८७५ मध्ये अहवाल काढला. बुरशी हे रोगाचं कारण, की आधीच नासलेल्या मांसावर मागाहून आलेली पाहुणी, असा त्यांचा रोख होता. प्रश्न उत्तम होता. सहचार दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही, हे त्यांना कळत होतं. पण काळ्या दाण्यांच्या बाबतीत त्यांचा संशय चुकीचा ठरला. कार्टर यांनी सगळ्यांत बुरशी पाहिली, यांना बुरशीच पटेना. दोन्ही बाजूंना एका गोष्टीबद्दल मात्र शंका आली नाही, की रोग एकच आहे. भांडण एवढ्यावरच होतं की त्या एका रोगाचं कारण काय. एकच उत्तर शोधणाऱ्यांच्या वादात 'दोन' हे उत्तर कुणालाच सुचत नाही.

ते सुचायला १८९३ उजाडलं. बॉयस आणि सर्व्हेयर या दोघांनी रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला, मदुरा रोगात एकाहून अधिक बुरशी असल्याबद्दल. यातले सर्व्हेयर, आडनावावरूनच ओळखावं, पारशी. बघा, एकाहून अधिक हे कळलं, पण शब्द अजून बुरशीच. १८९४ मध्ये व्हिन्सेंट यांनी अल्जीरियातल्या रुग्णाच्या फिकट दाण्यांतून तो धागेवाला जंतू वेगळा वाढवून दाखवला. आणि १९१३ मध्ये पिनॉय यांनी रोगाचे स्पष्ट दोन भाग केले. कार्टर यांच्या पुस्तकानंतर ३९ वर्षांनी.

इथे कुणीतरी उठून म्हणणार, अहो, हे सगळं आमच्या सुश्रुतानं आधीच सांगितलंय. त्याचाही समाचार घेतला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'वल्मीक' नावाचा रोग आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. तळहात, तळपाय, सांधे, मान अशा ठिकाणी वारुळासारखी वाढत जाणारी, अनेक तोंडांनी स्रवणारी गाठ. वर्णन वाचलं की आमच्या गाववाल्यांचा पाय डोळ्यांपुढे येतो. पण म्हणून सुश्रुताला मायसेटोमा माहीत होता म्हणणं ही कार्टर यांचीच चूक उलट दिशेनं करणं आहे. साम्य दिसलं की अभेद मानायचा. वल्मीकात आणखीही रोग बसत असतील, क्षयाच्या गाठी बसतील, बरेच दिवस वाहणारी दुसरी गळवं बसतील. सुश्रुताच्या हाती ती वेगळी करण्याचं साधन नव्हतं.

तरीही नावापुरतं बोलायचं तर सुश्रुत कार्टर यांच्यापेक्षा सावध आहेत, असं आमचं मत आहे. 'वारूळ' हे नाव फक्त दिसतं कसं ते सांगतं. आत कोण राहतं याबद्दल ते काही कबूल करत नाही. वारुळात मुंग्या असतील, नाग असेल, काही नसेलही. नाव ऐकणाऱ्याला हात घालण्यापूर्वी विचार करावासा वाटतो. 'बुरशीची गाठ' हे नाव आतल्या रहिवाशाचं नाव दारावर लावून मोकळं होतं. कारण हाती नसताना दिलेलं नाव वर्णनाचं असावं, निकालाचं नसावं.

आता आजच्या निदानाकडे येऊ. पुस्तकाची समीक्षा दीडशे वर्षांपूर्वी थांबवली तर ती नुसती पांडित्याची होईल.

या रोगाची ओळख तीन खुणांनी होते. बहुधा न दुखणारी सूज, वाहणारी तोंडं आणि दाणे. यातला दाणा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण दाणा म्हणजे त्या जंतूंची वसाहतच. दाण्याचा रंग पाहतात. काळा असेल तर जवळजवळ नक्की बुरशी. लाल असेल तर जिवाणू. पण पांढरा किंवा पिवळट असेल तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं, आणि खरी कसोटी इथेच लागते. मग दाणा काचपट्टीवर चिरडून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याची जाडी बघतात. जिवाणूचा धागा एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. बुरशीचा धागा दोन मायक्रॉनपासून पुढे, चांगला जाड. धागे दोन्हीकडे आहेत, फांद्या दोन्हीकडे आहेत. कार्टर यांच्या हेतूला जो व्यभिचार लागला होता तो जाडीनं दूर होतो. न्यायाच्या भाषेत, हेतूला विशेषण जोडलं. 'धागे आहेत म्हणून' याऐवजी 'इतके जाड धागे आहेत म्हणून'. कित्येकदा एका विशेषणानं अनुमान वाचतं.

पुढची पायरी म्हणजे जंतू वाढवून बघणं. इथे दोन गोष्टी आड येतात. नमुना वरचा नको, खोलवरच्या मांसाचा हवा, कारण वरच्या पुवात वाटसरू जंतू फार. आणि वेळ हवा. हे जिवाणू सावकाश वाढतात, आठवडे घेतात. नेहमीचा जंतू दोन दिवसांत उगवतो, त्या सवयीनं बशी लवकर टाकून दिली तर खरा गुन्हेगार उगवायच्या आतच निकाल लागतो. म्हणून डॉक्टरांनी प्रयोगशाळेला चिठ्ठीत लिहावं लागतं की आम्हाला अमुक शंका आहे, बशी राखून ठेवा. म्हणजे संशय आधी, पुरावा नंतर. जे मनातच आलं नाही ते तपासणीत सापडत नाही. पोलंडमधला बॅक्टेरियाशास्त्रज्ञ लुडविक फ्लेक यानं १९३५ मध्ये याच गोष्टीवर एक पुस्तक लिहिलं. पाहणं हे शिकवलेलं असतं, प्रत्येक शास्त्रीय समूहाची एक विचारशैली असते आणि त्या शैलीत न बसणारं डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही, असा त्याचा सिद्धान्त. आमच्या गाववाल्यांचे दाणे सहा वर्षं डोळ्यांपुढेच होते की.

आता टीबीचा घोटाळा. आपल्याकडे हाडाचा टीबी भरपूर, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात तो आधी येणं स्वाभाविक आहे. त्यात नोकार्डिया आणखी एक फसवणूक करतो. टीबीचा जंतू लाल रंग धरून ठेवतो, तीव्र आम्लानं धुतला तरी सोडत नाही. नोकार्डियाही धरतो, पण फक्त सौम्य आम्लापुढे, तीव्र आम्लात सोडून देतो. म्हणून त्याच्यासाठी तपासणीची पद्धत बदलावी लागते. नैयायिकांचं जुनं उदाहरण आहे, डोंगरावर जे दिसतंय तो धूर आहे की नुसती वाफ, याचीच खात्री नसेल तर अग्नीचं अनुमान करू नका. त्याला संदिग्धासिद्ध हेतू म्हणतात.

आणि मग उतार पडला त्याचं काय? माधवनिदानात निदानाची पाच साधनं सांगितली आहेत. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यातला उपशय म्हणजे उपचारानं आराम पडतो का, यावरून रोग ओळखणं. आजचे डॉक्टरही हे करतात. पण उपशयात एक खड्डा आहे. क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं आणि ते या जिवाणूंपैकी काहींवर थोडंफार चालतं. म्हणजे क्षय असेल तर या औषधानं उतार पडतो, हे खरं. पण उतार पडला म्हणून क्षय, हे खरं नाही. जिथे धूर तिथे अग्नी, पण जिथे अग्नी तिथे धूर असतोच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. हे उदाहरण आम्ही दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहीत होतो. फोनवर मात्र आठवलं नाही.

आता या विषयातला सर्वांत प्रतिष्ठित युक्तिवाद तपासू. तो असा : दुर्मिळ रोग दुर्मिळ असतो, म्हणून आधी नेहमीचा रोग धरा. यात गणित बरोबर आहे. शंभर पाय सुजलेले असतील तर त्यांत हा रोग क्वचितच असेल. पण हा नियम पहिल्या भेटीचा आहे. पहिली भेट, पहिलं औषध, इथपर्यंत ठीक. नेहमीचं उत्तर फसल्यावरही तोच नियम लावत राहिलो तर काय होतं? औषध लागू पडलं नाही, ही नवी माहिती आहे. तिनं शक्यता बदलतात. जो रोग हजारांत एक होता तो आता उरलेल्या दहांत एक झाला असेल. तरीही आपण म्हणतो, "छे, तो रोग फार दुर्मिळ." शिवाय दुर्मिळ म्हणजे तरी काय? जो तपासलाच जात नाही तो नोंदला जात नाही, आणि जो नोंदला जात नाही तो दुर्मिळ ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं या रोगाला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं ते २०१६ मध्ये. 'उपेक्षित' हा शब्द 'दुर्मिळ'पेक्षा प्रामाणिक आहे. दुर्मिळ म्हटलं की दोष निसर्गाकडे जातो. उपेक्षित म्हटलं की आपल्याकडे येतो. आणि उपेक्षा का, तर हा रोग अनवाणी माणसाला होतो.

पुण्यापुरती एक गंमत सांगून शेवटाकडे येतो. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी मातीतून एक जिवाणू वेगळा काढला आणि पिंपरीवरून त्याला नाव दिलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. त्याच्यापासून १९६० च्या सुमारास 'हमायसिन' हे बुरशीविरोधी औषध मिळालं. आता या नावाकडे बघा. 'मायसिस' म्हणजे पुन्हा बुरशीच. म्हणजे नावानं बुरशी, जातीनं जिवाणू, आणि काम काय, तर बुरशी मारणं. याच कुळातले दुसरे भाईबंद काट्यावाटे पायात शिरतात. नावावरून यांचा स्वभाव कळला असता तर प्रयोगशाळेची गरजच नव्हती.

गाववाल्यांचं पुढे काय झालं? त्या डॉक्टरीणबाईंनी दाणा चिरडून पाहिला. धागे बारीक निघाले. मग खोलवरचा तुकडा काढला, वाढवायला ठेवला आणि तीन आठवड्यांनी नोकार्डिया उगवला. इंजेक्शनं आणि गोळ्या आलटूनपालटून कित्येक महिने चालल्या. इंजेक्शनांचा कानांवर आणि मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो म्हणून त्यांच्याही तपासण्या चालल्या. पाय राहिला. घोटा मात्र वळत नाही. बैलजोडी उपचारांच्या पहिल्या चार वर्षांत विकली गेली होती, ती परत आली नाही. मागच्या दिवाळीला भेटले तेव्हा पायात जाड बूट होते. म्हणाले, "सर, टीबी नव्हता बरं का." आम्ही म्हणालो, "चुकलंच आमचं." ते हसले आणि चहा घेऊन या म्हणून आत सांगितलं.

कार्टर यांचं पुस्तक वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. त्यातल्या निरीक्षणांना आम्ही नमस्कार करतो, नावाला करत नाही. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : मग या रोगाचं नाव बदलावं का?

उत्तर : जिवाणूच्या प्रकाराला आता अ‍ॅक्टिनोमायसेटोमा म्हणतात आणि बुरशीच्या प्रकाराला युमायसेटोमा, म्हणजे खरी बुरशीगाठ. म्हणजे 'खरी' असं सांगावं लागलं, यातच चुकीची कबुली आली. पण पहिल्या नावात बुरशी आहेच, ती काही गेली नाही. रूढ नावं बदलत बसण्यात अर्थ नाही. अहवालात एक ओळ जास्त लिहावी : दाणे पाहिले का, धाग्याची जाडी किती, बशी किती दिवस ठेवली. नाव आपोआप जागेवर येईल.

प्रश्न : डॉक्टरांवर एवढा ताण असतो. प्रत्येक सुजलेल्या पायासाठी त्यांनी हे सगळं कसं करायचं?

उत्तर : प्रत्येकासाठी करू नये. तसं केलं तर ज्यांना साधं गळू आहे त्यांचे हाल होतील. आमचं म्हणणं दुसऱ्या पायरीबद्दल आहे. एक निदान फसलं की थांबून यादी पुन्हा मांडावी. आणि ताणाचं म्हणाल तर दाण्याबद्दल विचारायला अर्धं मिनिट लागतं.

प्रश्न : आम्ही सामान्य माणसांनी काय लक्षात ठेवायचं?

उत्तर : शेतात पायात काहीतरी घाला, हे पहिलं. न दुखणारी गाठ महिनोन्‌महिने वाढत असेल आणि तिला तोंडं पडली असतील तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका. त्यातून कण येत असतील तर पुसून टाकू नका, फडक्यासकट डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी वडीलधाऱ्यांनी फोनवर सांगितलं की डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग झालं, तर त्यांचं ऐकू नका. मग ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असले तरी.